वळणावर सांडलेला जीव

मोटारसायकल धुवायला बादली घेऊन खामपुन मावशी अंगणात आली, तशी साइफिननं कुबडी आडवी धरली.

"मावशी, पाण्याचा एक थेंब जरी लागला ना, तर बघ."

"अगं, रक्त सुकलंय तिच्यावर. दारात बरं दिसतं का?"

"रक्त राहू दे. तो निळा ओरखडाही राहू दे."

साइफिनची गाडी होती लाल. मागच्या मडगार्डवर निळ्या रंगाचा लांब ओरखडा उमटला होता, म्हणजे कुणीतरी तिला मागून उडवून पसार झालं होतं. विमा कंपनीचं म्हणणं मात्र वेगळं होतं. बाई आपली आपणच घसरून पडली, असा त्यांचा होरा. घसरली म्हणजे मलमपट्टीपुरते पैसे, आणि धडक दिली असेल तर पायाचं मोठं ऑपरेशनही कंपनीच्या खर्चानं. ते ऑपरेशन झालं नाही, तर बाजारात कोळशाच्या शेगडीमागे दिवसभर उभं राहून कोंबडी भाजणं तिला जन्मात जमणार नव्हतं. तिचं पोट त्या शेगडीवर होतं.

म्हणून तिनं सगळं जपलं होतं. कमरेला गुंडाळायचा सारोंग फाटला होता, तो न धुता ठेवला होता, चेपलेलं हेल्मेट पोत्यात बांधलं होतं. कंपनीतून गोड आवाजात फोन यायचा, "आता बरं वाटतंय ना, ताई?" ती सांगायची, "नाही वाटत. काय विचारायचं ते लेखी विचारा." शेजारणी चिडवायच्या, की एवढं नवऱ्याला जपलं असतंस तर तो बँकॉकला पळाला नसता. साइफिन म्हणायची, नवऱ्याचा विमा नव्हता.

एकच गोष्ट तिच्यापाशी नव्हती, ती म्हणजे आठवण. चिंचेजवळचं वळण आठवत होतं आणि त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा माणूस, मानोप, जबानी घ्यायला येणार होता. काय पाहिलं, या प्रश्नावर ती गप्प राहिली की दाव्याचा कागद बंद होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मावशीचं निदान तयार होतं. माणूस असा दचकून पडला की त्याचा जीव थोडा सांडतो आणि तिथंच पडून राहतो. साइफिनची आठवण त्या सांडलेल्या जीवापाशी आहे, तो उपसून आणायला हवा. साइफिनचा विश्वास अर्धामुर्धाच होता. पण जबानी मिळणार असेल तर ती प्लास्टरसकट झाडावर चढायलाही तयार होती.

दिवस कलता कलता दोघी वळणावर गेल्या. उकडलेलं अंडं, चिकट भाताचा गोळा, परत आलेला जीव मनगटाशी बांधायचा पांढरा दोरा आणि मासे उपसायची लांब दांड्याची जाळी एवढं सामान होतं. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि पानही हलत नव्हतं. रस्त्याकडेचा चर कित्येक दिवस कोरडा पडलेला, तरी कुजक्या चिखलाचा वास येत होता. मावशी जमिनीवरून जाळी ओढत हळू आवाजात बोलावू लागली, "साइफिन, घरी चल गं... इथं नको राहूस..."

जाळी हलकीच राहिली. पुन्हा ओढली, तरी हलकीच. उजेड जायला लागला तसा साइफिनचा धीर सुटला. तिनं जाळी हिसकावली आणि उसाकडे तोंड करून ओरडली, "जिनं ती गाडी पाहिली, तिनं यात यावं!"

मावशीचा चेहरा पांढरा पडला. "नाव घ्यायचं असतं गं... नाव न घेता कुणाला बोलावलंस?"

साइफिन जाळी उचलायला गेली. जाळी जड झाली होती, भिजलेल्या पोत्यासारखी. तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

मावशी म्हणाली, टाकून दे. साइफिननं दात आवळून मनगट पुढं केलं. "दोरा बांध."

घरी येईपर्यंत तिला सगळं आठवलं. निळी पिकअप, डावा दिवा फुटलेला, त्यावर बांधलेलं लाल फडकं. पण गाडी समोरून येताना आठवत होती. त्या आठवणीत ती स्वतः पायी चालत होती आणि डोक्यावर बांबूच्या कोंबांचा भारा होता. तिनं घाबरत मावशीला विचारलं, तेव्हा मावशीनं खाली बघत सांगितलं. ऊसतोडीला नदीपलीकडून आलेली एक बाई मागच्या हंगामात त्या चरात मेलेली सापडली होती. प्यायली असेल, घसरली असेल, असं सगळे म्हणाले. तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तिचा जीव बोलवायला कुणी गेलं नाही.

सकाळी मानोप आला. साइफिन बोलू लागली. "निळी पिकअप होती. डावा दिवा फुटलेला, त्यावर लाल फडकं. माझ्या डोक्यावर कोंबांचा..."

मानोपचा पेन थांबला. "गाडी चालवताना डोक्यावर?"

साइफिननं वाक्य अर्ध्यावर तोडलं. दोघींची हकिकत एकात एक मिसळली की दावा मेलाच. पण जीभ तिचं ऐकेना, पुन्हा त्या भाऱ्याकडेच वळू लागली. तिनं दोरा बांधलेलं मनगट घट्ट धरलं आणि मान खाली घालून पुटपुटली, "आधी माझं... मग तुझं. शब्द देते."

जीभ सुटली. मग तिनं गाडी कशी होती एवढंच सांगितलं, एक शब्द जास्त नाही. मानोपनं निळा रंग खरवडून पुडीत घेतला. कालपर्यंत आठवत नव्हतं ना, असं त्यानं जाता जाता विचारलं. जीव परत आणला, ती म्हणाली. तोही त्याच मुलखातला होता, त्यानं पुढं विचारलं नाही.

लाकडाच्या वखारीमागे पिकअप सापडली, लाल फडक्यासकट. रंग जुळला, मालकानं कबुली दिली. एका दुपारी मानोपचा फोन आला की दावा मंजूर झाला, ऑपरेशनची तारीख घ्या. साइफिन फोन छातीशी धरून रडली.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "झालं का तुझं?"

"झालं गं मावशी, सगळं झालं!"

आणि तिला फाटकातून आत येणारी मावशी दिसली, हातात भाजीची टोपली घेऊन.

साइफिननं खुंटीकडे पाहिलं. त्या संध्याकाळपासून रोज ठिबकणारी जाळी आता कोरडी ठणठणीत होती. तिला भीती वाटली, पण ती शब्द मोडणारी नव्हती. "चल," ती रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघत म्हणाली, "पोलिसांकडे जाऊ. कुबड्या तेवढ्या घेऊ दे."

पण कुबड्या खाटेपाशीच राहिल्या. ती पायऱ्या उतरली, मावशीच्या बाजूनं पुढं गेली आणि वळणाच्या रस्त्याला लागली. प्लास्टरमधला पाय अजिबात दुखत नव्हता. डोक्यावर काहीतरी जड होतं, ते सावरायला तिनं एक हात वर केला.

मागून मावशी हाका मारत होती, "साइफिन... साइफिन, घरी चल गं..."

हाक ओळखीची वाटत होती. पण ते नाव कुणाचं, हे तिला काही केल्या आठवेना.