बॉनेटवरचे ठोके

पायगोंडा अण्णांच्या गाडीला सांगलीच्या विश्रामबागेतले लोक आगबोट म्हणत. हळदीच्या व्यापारात बरकत आली तेव्हा अण्णांनी ती एका संस्थानिकाच्या कारभाऱ्याकडून घेतली होती. परदेशी, लांबलचक, आणि स्टेअरिंग इतकं हलकं की एका बोटानं फिरावं. घरी पाहुणा आला की ड्रायव्हर हंबीररावाला ते एक बोट लावून दाखवावं लागे. शहात्तर सालच्या उन्हाळ्यात मात्र बोटाच्या मदतीला दोन्ही हात आले, मग खांदे आले, आणि वळणावळणाला आगबोट म्हशीसारखी कण्हू लागली.

हंबीरराव फौजेत ट्रक चालवून आलेला गडी. गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती फेरी मारायची, खाली वाकून बघायचं, हा त्याचा रोजचा शिरस्ता. फौजेत त्याला फर्स्ट परेड म्हणत. एका सकाळी फरशीवर तांबूस तेलाचं थारोळं दिसलं. स्टेअरिंग हलकं ठेवणारं तेल ज्या जाड रबरी पाइपातून जातं, तो पाइप नटाजवळ फुगून फाटला होता.

एरवी अण्णांनी हे काम दिवाळीवर ढकललं असतं. पण त्यांची लेक त्रिशला पाचगणीला दिलेली, जावई तिथे शाळेत मास्तर. दोनदा तिची कूस उजवता उजवता राहिली होती. तिसऱ्या खेपेला सातवा महिना भरत आला, आणि डॉक्टरांनी बजावलं, माहेरी न्यायचं तर न्या, पण हिसका बसता कामा नये. एसटीचं नावच नको. राहिली आगबोट.

सांगलीत तसला पाइप मिळेना. शेवटी साताऱ्यात एका भंगारवाल्याकडे दुसऱ्या मोठ्या गाडीचा सापडला. नट जुळत होते, लांबी मात्र वीतभर जास्त. हंबीररावानं अंगणातच जुना सोडवला आणि नवा चढवला. जादा लांबीचा झोळ इंजिनापुढच्या पंख्याकडे जाऊ लागला, तेव्हा त्यानं तो शेजारून जाणाऱ्या ब्रेकच्या बारीक नळीला तारेनं आवळून टाकला. फौजेत अडलेलं बरंचसं तारेनंच सुटायचं.

आता आत अडकलेली हवा काढायची होती. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंगचं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. हे काम खरं दोघांचं, एकानं चाक धरायचं, दुसऱ्यानं पुढे उभं राहून नजर ठेवायची. फौजेत तो दुसरा असायचा लालासाहेब, माण तालुक्यातला. एसटीत कंडक्टर व्हायचं त्याचं हुकलं होतं, म्हणून घंटीची हौस तो बॉनेटवर भागवून घ्यायचा. एक ठोका म्हणजे थांब, दोन ठोके म्हणजे चल. तारेवर त्याचा भारी राग. "तार खाती रं, कापड खात न्हाई," म्हणायचा, आणि काहीही खाकी चिंधीनं बांधायचा. डाव्या हाताला करंगळी नव्हती, त्यामुळे त्याची गाठ नेहमी उलटी बसायची. हजार गाठींत ती ओळखू आली असती. पासष्टच्या हिवाळ्यात, डोंगरातल्या रस्त्यावर, हंबीररावाच्या मागचा ट्रक, लालासाहेबासकट, बर्फाच्या लोटाखाली गेला. उन्हाळ्यात बर्फ उतरल्यावर ट्रक सापडला. लालासाहेब सापडला नाही.

हंबीरराव एकटाच सीटवर बसला. उघडं बॉनेट समोर भिंतीसारखं उभं होतं, पलीकडचं काही दिसत नव्हतं. त्यानं चाक डावीकडे नेलं, मग उजवीकडे नेलं.

ठक.

त्याचा हात जागच्या जागी थांबला. "कोन हाय?"

उतरून पाहिलं तर अंगण रिकामं, पाइप कोरडा ठणठणीत. पुन्हा बसून चाक फिरवलं. पुन्हा एकच ठोका, पत्र्यावर, बोटाच्या पेरानं मारावा तसा.

पंपातली हवा, त्यानं स्वतःला समजावलं. अडकलेली हवा ठोकते, हे काही खोटं नाही. तेलावरचा फेस जिरला, चाक एका बोटानं फिरायला लागलं, आणि अण्णांनी त्याच दिवशी दोन पाहुण्यांना ते दाखवून घेतलं.

दोन दिवसांनी तो अण्णांच्या बायकोला, गुणमालाअक्कांना, घेऊन पाचगणीला गेला. गाडी घाट लोण्यासारखी चढली. मुक्काम झाला, आणि सकाळी त्रिशलाला मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. तिचा एक हात पोटावर होता. अलीकडे तो तिथून हलतच नसे.

"मामा, सावकाश हां," ती म्हणाली.

"पोटातलं पानी हलनार न्हाई, बाई. तुमी खुशाल डोळं मिटा."

पसरणीचा घाट जिथे उतरायला लागतो, तिथे पहिल्या वळणाच्या अलीकडे बॉनेटवर ठोका पडला. एकच.

हंबीररावानं गाडी उभी केली. पुढे रस्ता मोकळा होता. खाली उन्हात वाईचं खोरं आणि कृष्णेची रेघ.

"काय झालं ओ?" अक्कांनी विचारलं. "दिवस मावळायच्या आत घर गाठायला पाहिजे. ही सांजेनंतर घास घ्यायची नाही. दोन जिवांची असली तरी ऐकायची नाही."

जैनाघरची रीत त्याला ठाऊक होती. तो उतरला, बॉनेट उघडून पाहिलं. पाइप कोरडा. परत येऊन त्यानं गियर टाकला.

ठक.

"पुढं कोण वाजवतंय, मामा?" मागून त्रिशला म्हणाली.

हवा तर केव्हाच निघून गेली होती, आणि आता हा आवाज त्याच्या एकट्याच्या कानातलाही राहिला नव्हता. त्यानं इंजिन बंद केलं, चाकांना दगड लावले, आणि या वेळी डोळ्यांवर न विसंबता हात आत घातला. पाइपावरून चाचपत बोटं तारेपर्यंत गेली. तिथे ती ओली झाली. वास ब्रेकच्या तेलाचा होता.

चाक फिरलं की रबरी पाइपाला उचकी लागायची, आणि दर उचकीला तार ब्रेकच्या नळीवर करवतीसारखी चालायची. नळीचा कागद उरला होता. दोन वळणांनंतर ब्रेकवर पाय दाबला असता तर तो नुसता फळीला टेकला असता, गाडी थांबली नसती.

हंबीरराव रस्त्याच्या कडेला मटकन बसला. पन्नाशीचा माणूस, पण त्याला हुंदका आवरेना. मग उठून त्यानं तार तोडली आणि दरीत भिरकावली.

मायलेकींना झाडाखाली बसवून तो पायी पाचगणीत गेला, एका फिटरकडून नळी बनवून आणली, बसवली, ब्रेक दाबून दाबून पाहिले. ऊन कलायला लागलं होतं. अक्का सारख्या सूर्याकडे बघत होत्या. त्यानं घाईघाईनं बॉनेट आपटलं आणि चाकावर बसला.

ठक, ठक.

"चल, गड्या," हंबीरराव पुटपुटला.

घाट, वाई, सातारा, कऱ्हाड. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. विश्रामबागेत फाटकातून आत शिरले तेव्हा पश्चिमेला अजून ऊन होतं. त्रिशला पाटावर बसून जेवली. अण्णा दारातून तिला बघत होते, मग आत जाऊन डोळे पुसून आले.

अक्का स्वतः चहा घेऊन ओसरीवर आल्या. "देवासारखे थांबलात, हंबीरराव."

"म्या कुटला थांबतोय, अक्का. मला थांबवलं."

त्यानं कप तोंडाला लावला, आणि तो तिथेच राहिला.

तार आपण तोडली. पण पाइप पुन्हा बांधला कुठे?

घाईत राहूनच गेलं होतं. पाचगणीपासून सांगलीपर्यंत तो वीतभर झोळ फिरत्या पंख्यापुढे मोकळा लोंबत आला होता. पंख्यानं एकदा ओढला असता, तर वळणावर चाक हातात गोठलं असतं.

कप ठेवून तो धावला. बॉनेट उघडलं. आतून धग आली.

पाइप लोंबत नव्हता. पंख्यापासून, नळीपासून लांब, चासीच्या लोखंडी सांगाड्याला नीट बांधलेला होता. खाकी चिंधीनं.

गाठ उलटी होती.

हंबीररावानं हात जोडले. मग हळूच त्यानं गाठीवर बोट ठेवलं.

खालचं इंजिन हात भाजेल इतकं तापलं होतं. चिंधी ओली होती, आणि गाठीच्या घडीत बर्फाचा एक खडा अजून विरघळायचा होता.