मागची डावी सीट

गाडीच्या एका तक्रारीसाठी मी त्या वर्कशॉपला नऊ चकरा मारल्या. मोजल्यात, कारण मोजणं हाच माझा धंदा. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, मापात बसला तर पुढं, नाही तर लाल पेटीत. बावीस वर्षं झाली. त्यामुळं 'तसं काही नसतं सर, तुम्हाला वाटत असेल,' असं कुणी म्हटलं की माझं टाळकं सटकतं.

गाडी आईसाठी घेतली होती. आई, गीताबाई, हर्सूलच्या अंगणवाडीत तीस वर्षं मदतनीस. गावभरच्या लेकरांना काट्यावर बसवून वजनं केली तिनं. आता तिचंच वजन कागदावर चढायला लागलं. दोन्ही किडन्या कामातून गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. मशीनवर चढवायच्या आधी वजन, उतरवल्यावर वजन. एक वार जरी हुकला तरी तिला आडवं होता येत नाही, उशांना टेकून श्वास ओढत बसते. रिक्षाच्या दणक्यांनी तिला मळमळायचं. म्हणून गाडी.

सकाळी नऊच्या आत तिला क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात सोडायचं, मी शेंद्र्याला, आणि एकला ती सुटली की तिला घेऊन हर्सूलला घरी. साहेबांनी तेवढी मुभा दिली होती. आई बसायची मागं, डाव्या बाजूला, काचेशी. बेल्ट तिच्या जिवावर यायचा. बेल्ट लावला नाही की गाडी ट्यँव ट्यँव करायची, पडद्यावर मागच्या डाव्या सीटचं चित्र लाल व्हायचं, आणि आई म्हणायची, "लागलं बघ बोंबलाया. लई आवळतं रं ते." मग कुरकुरत लावायची.

फेब्रुवारीत एका सोमवारी तिला सोडून निघालो. सेव्हन हिलच्या पुलावर ट्यँव ट्यँव सुरू झालं. मागची डावी सीट लाल. वळून बघितलं, सीट रिकामी. पिशवी नाही, शाल नाही, काही नाही. आवाज शेंद्र्याच्या गेटपर्यंत चालू. दुपारी परत आलो तेव्हा बंद.

बुधवारी तेच. शुक्रवारी तेच.

वर्कशॉप चिकलठाण्याच्या पुढं. तिथला सर्व्हिस ॲडव्हायझर विश्वजीत, सत्तावीस-अठ्ठावीसचा, गळ्यात टाय, बोलायला लोण्यासारखा. जॉबकार्डवर त्यानं लिहिलं, 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार आवाज येतो.' ग्राहकाच्या म्हणण्यानुसार! संध्याकाळी शेरा आला, 'चालवून पाहिली, दोष आढळला नाही.' चार वेळा हाच शेरा. तक्रार त्यांच्या डोळ्यांसमोर आली पाहिजे, तरच वॉरंटीचा दावा टाकता येतो म्हणे.

"मग काय, गाडीला घरी घेऊन जाता का नांदवायला?" मी म्हटलं.

तो हसला. मग हळूच म्हणाला, "सर, एक सांगू? बाहेर दुकानात बेल्टची नुसती क्लिप मिळते. ती खुपसून टाका. आवाज बंद. सगळे तेच करतात."

आणि मी, सही नसलेला कागद हातात न धरणारा माणूस, त्याच्या तोंडी शब्दावर गेलो. क्लिप लावली. आवाज थांबला नाहीच, वर पाचव्या चकरेला हाच विश्वजीत क्लिपचा फोटो काढून म्हणतो, "सर, बाहेरची वस्तू लावलेली आहे. वॉरंटी बाद होऊ शकते." मी तिथं एवढा ओरडलो की चहावाला कप घेऊन माघारी गेला.

घरी येऊन पंख्याखाली बसलो तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. इतक्या साध्या गोष्टीला एवढे दिवस लागले याची लाज वाटली. गाडी मी वर्कशॉपला न्यायचो ती मंगळवारी, नाही तर गुरुवारी. डायलिसिसच्या दिवशी ती मोकळी नसायची. आणि आवाज यायचा तो फक्त डायलिसिसच्या दिवशी. नऊ ते एक.

पुढच्या बुधवारी आईला सोडून थेट वर्कशॉप. गाडी बोंबलतच आत शिरली. विश्वजीतचं तोंड उतरलं. त्यानं कडुबाला हाक मारली. कडुबा तिथला जुना इलेक्ट्रिशियन, साठीला टेकलेला. त्यानं दार उघडलं, सीटवर हात ठेवला, आणि तसाच ठेवून उभा राहिला.

"ऊब हाय," तो म्हणाला.

"उन्हानं असेल," मी म्हटलं.

"उजवीकडची गार हाय की, साहेब."

त्यानं हात काढून घेतला. दार लावलं, पण आपटून नाही. आत कुणी झोपलंय म्हणून लावावं, तसं. सीटखालचा सेन्सर त्यानं मात्र बदलला. जुना कंपनीकडं तपासायला गेला, आणि नव्याचाही आवाज शुक्रवारी, ठरल्यासारखा, सेव्हन हिलच्या पुलावर सुरू झाला.

महिन्यानं कंपनीचा कागद आला. 'तपासलेला भाग निर्दोष. भागाने नेमून दिल्याप्रमाणे काम केले आहे. दावा अमान्य.' खाली पुरावा म्हणून नोंदी. तारीख, वेळ, सीटवरचं वजन.

मी कडुबाला फोन लावला. "हा सेन्सर वजन सांगतो का हो?"

"नाय. त्ये नुसतं बटन. बसलं का नाय बसलं, एवढंच."

"मग या कागदावर किलो कुठून आले?"

त्यानं फोन ठेवला.

कागदावर पहिल्या बुधवारी नऊ वाजता पंचेचाळीस किलो नऊशे होतं. दहाला पंचेचाळीस दोनशे. अकराला चव्वेचाळीस पाचशे. एक वाजता त्रेचाळीस चारशे, आणि पुढं रिकामं. हळूहळू उतरणारं वजन. असं मी एकाच ठिकाणी बघितलेलं होतं. कपाटातून आईची फाइल काढली. त्याच बुधवारी, मशीनवर चढवताना पंचेचाळीस नऊशे. उतरवल्यावर त्रेचाळीस चारशे.

बारा तारखा होत्या. बाराही जुळल्या. आमच्या कारखान्यातले दोन काटे शेजारी ठेवले तरी इतके जुळत नाहीत.

घाबरलो का? हो, घाबरलो. पण कबूल कुणाकडं करणार? कारखान्यातला पुंडलिक म्हणाला, लिंबू-मिरची बांध. मी त्याच्यावर खेकसलो, "आमच्या घरात लिंबू सरबताला लागतं." माझ्या वडिलांनी, मोतीरामांनी, बाबासाहेबांच्या मागं जाऊन देव्हारा घराबाहेर काढला. बैठकीत बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. त्या भिंतीखाली बसून मी भुताचा विचार करू? मी ठरवलं, हा दोष आहे. ज्याला माप आहे त्याला कारण आहे, आणि कारण काढून टाकता येतं.

मग मी मागंच लागलो. कंपनीला चौदा ईमेल केले, ग्राहक मंचाची नोटीस पाठवली. आवाजाचे व्हिडिओ पाठवले. रात्री जेवताना बायको सुलेखा म्हणायची, "वाजतंय तर वाजू द्या ना. झिजायला लागलात तुम्ही." मी ऐकलं नाही. झिजलोच होतो, तर आता कशाला थांबायचं?

जूनमध्ये कंपनीनं हात टेकले. सेन्सर, वायरिंग, अख्खी मागची सीट बदलून देतो म्हणाले. गुरुवारी काम झालं. नववी चकर. जुनी सीट वर्कशॉपच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि कडुबा तिच्यासमोर उकिडवा बसला होता.

"बदलाया नको होती, साहेब," तो म्हणाला.

"का?"

"बसत होतं, तवर बरं होतं." तो उठला. "माय कशीय तुमची?"

मी म्हटलं, बरी आहे. रस्त्याला लागल्यावर ध्यानात आलं, आईचं मी त्याला कधी सांगितलेलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आई नव्या सीटवर बसली. ट्यँव ट्यँव. "आलं का परत?" म्हणत तिनं बेल्ट लावला. नवं काम चोख होतं. तिला दवाखान्यात सोडलं, निघालो. सेव्हन हिलचा पूल आला, गेला. गाडी गप्प. चिकलठाणा, शेंद्रा, गप्प. खरं सांगतो, स्टिअरिंगवर डोकं ठेवून मी रडलो. थकव्यानं.

एक वाजता दवाखान्यापाशी आलो तर आई गेटबाहेर उभी. एरवी वॉर्डातले मामा तिला चाकाच्या खुर्चीवरून आणायचे. आज आपली आपण आलेली.

"अगं, एकटी कशी आलीस?"

"आज लई हलकं वाटाया लागलंय," ती म्हणाली. मागं, डाव्या बाजूला बसली. "चल रं."

मी निघालो. ती बोलत होती. अंगणवाडीतल्या कुठल्याशा दगडाबाईची जुळी, दोन्ही मिळून एका लेकराएवढी भरायची, ते सांगत होती. आवाज मोकळा होता. किती महिन्यांनी एवढी बोलत होती. मला बरं वाटलं.

मोंढा नाका गेला. मग ध्यानात आलं, गाडी शांत आहे.

"आई, बेल्ट लावला?"

"नाय लावला. आज बोंबललं नाय की त्ये."

मी पडद्याकडं बघितलं.

मागच्या डाव्या सीटचं चित्र राखाडी होतं. रिकाम्या सीटचं असतं तसं.

आरसा माझ्या डोळ्यांच्या वरच होता. मान वर केली नाही.

फोन वाजला, गाडीच्या स्पीकरवर. विश्वजीत. "सर, नमस्कार! आता काही अडचण? आवाज येतो?"

"नाही."

"मग कंपनीचा फोन येईल सर, दहापैकी दहा सांगा."

आई मागून मोठ्यानं म्हणाली, "त्याला म्हणावं, लई झ्याक काम केलं बाबा. जेवाया ये एकदा घरी."

मी त्याच्या बोलण्याची वाट बघितली.

"हॅलो? सर? आहात ना लाइनवर?"

"आहे."

"काहीच ऐकू येईना, मला वाटलं कट झाला. एकटेच आहात ना गाडीत? मग दोन मिनिटं बोलू?"

मी फोन बंद केला.

सिडको बसस्टँडचा सिग्नल आला. हर्सूलला जायला डावीकडं वळायचं. दिवा हिरवा होता. मी वळलो नाही, सरळ जालना रोडनं गाडी सोडली.

"आरं, वळायचं राह्यलं की," आई म्हणाली. "घर तिकडं ऱ्हायलं."

घरी गेलं की उतरून तिचं दार उघडावं लागणार होतं.

"जरा करमाडपर्यंत जाऊन येऊ, आई," मी म्हटलं. "तू बोलत राहा."