बहिरी केलेली गाडी

"एक वेळ ब्रेक कमी लागले तरी चालतील, पण गाडीचे कान बंद करू देऊ नकोस नवऱ्याला," नणंद म्हणाली होती. वहिनीने ते हसण्यावारी नेलं. कडेवर दहा महिन्यांची चिमणी, खांद्यावर दुपटं, डोक्यात संपत आलेले डायपर. गाडीच्या कानांची काळजी करायला सवड होती कोणाला?

नणंद टर्बोच्या गाड्या ट्यून करायची. शहराच्या कडेला तिचं पत्र्याचं वर्कशॉप होतं, आणि गाडीची ताकद वाढवून देण्यापेक्षा गिऱ्हाइकाला नाही म्हणण्यात तिचा हातखंडा जास्त. कान म्हणजे नॉक सेन्सर, हे तिनेच समजावलं होतं. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. प्रमाणाबाहेर कोंबली की पेट्रोल नको तिथे, नको तेव्हा भडकतं, आणि पिस्टनवर हातोडी पडल्यासारखी टकटक होते. इंजिनाला बोल्टने आवळलेला सेन्सर ती ऐकतो. मग कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो, हवेचा दाब उतरवतो. गाडी मरगळते, पण वाचते.

त्यांची गाडी एकाच जागी मरगळायची. पाइपांच्या कारखान्याची लांब भिंत जिथे संपते आणि रस्ता पुलाखालून वर चढतो, तिथे. बाकी शहरभर वाऱ्यासारखी. नवऱ्याने पेट्रोल बदललं, प्लग बदलले, शेवटी वैतागला.

"भित्री आहे ही. सेन्सरला खोटंच ऐकू येतंय, ताई."

"खोटं असतं तर सगळीकडे ऐकू आलं असतं. आणि चारही सिलिंडरना एकदम, तेही अॅक्सिलरेटरवर पाय हलका असताना? मी असं कधी बघितलेलं नाही," नणंद म्हणाली. "मी हात लावणार नाही."

मग त्यानेच लावला. रविवारी लॅपटॉप जोडून त्याने सेन्सरचं ऐकणं बंद करून टाकलं, वर दाबही चढवला. संध्याकाळी गाडी पुलाखालून अशी सुटली की चिमणीच्या तोंडातली चोखणी पडली.

"बघ," तो म्हणाला. "म्हणे कान."

मागे चिमणीने सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर बोट आपटलं. एकदा. मग दोनदा. मग थांबली, मान तिरकी करून.

दुसऱ्या दिवशीही तिथेच. त्यानंतरच्या खेपेला पोर गाढ झोपेत होती. डोळे मिटलेले, आणि बोट चाललेलं. भिंत संपली की सुरू, चढ संपला की बंद.

"ठेका धरते गं," नवरा म्हणाला. "बापावर गेलीये."

"तुला ठेका कळत असता तर लग्नात तसा नाचला नसतास," ती म्हणाली. पण तिची नजर आरशातून हलली नाही.

सकाळी तो कामावर गेला आणि तिने, त्याला काही न सांगता, लांबच्या रस्त्याने गाडी वर्कशॉपला नेली. नणंदेने बॉनेट उघडलं. जुन्या ट्यून करणाऱ्यांची एक युक्ती असते: तांब्याची नळी इंजिनाला बोल्टने आवळायची, तिला रबरी पाइप जोडायचा आणि त्याचं दुसरं टोक हेडफोनसारख्या, कान झाकणाऱ्या टोप्यांत घालायचं. इंजिनाच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. गाडी अजून सुरू केलेली नव्हती. टोप्या कानांवर चढवून नळी घट्ट बसली का, एवढंच नणंद बघत होती.

तिचा हात बोल्टवरच राहिला. तिने टोप्या काढल्या आणि वहिनीच्या कानांवर ठेवल्या.

आत पोकळ, गार शांतता. गाडीची किल्ली टेबलावर, दोघींच्या डोळ्यांसमोर. मग लोखंडाच्या खूप आतून आलं.

एक. मग दोन.

मग थांबलं. उत्तराची वाट बघत असल्यासारखं.

पलीकडे खुर्चीत बांधून बसवलेल्या चिमणीने खुर्चीच्या दांड्यावर उत्तर दिलं.

"विकून टाका गं ही," नणंद म्हणाली.

"कोणाला? दुसऱ्या कोणाच्या पोराला?" तिने चिमणीचं बोट मुठीत धरलं. ते मुठीतही हलत होतं. "इतके दिवस गाडी ऐकत होती, तोवर हिच्या वाट्याला आलं नव्हतं. कान परत द्या तिला, ताई. दाब खाली आणा. मी त्या पुलाखाली जाऊन येते."

"आणि तुझा नवरा घरी येऊन ओरडला तर?"

"ओरडू दे. पोर माझी आहे."

दुपारी नणंदेने सेन्सर पुन्हा चालू केला, दाब उतरवला आणि चिमणीला ऑफिसातल्या दिवाणावर निजवून उशाशी बसली. वहिनी एकटी निघाली. शेजारच्या सीटवर लॅपटॉप, त्यावर सेन्सरची हिरवी रेघ. भिंत सुरू झाली तशी तिने काचा वर केल्या.

"कर काय करायचंय ते," ती मोठ्याने म्हणाली.

भिंत संपली. पूल आला. रेघ हलली नाही.

ती वळून परत आली. पुन्हा चढली. पुन्हा. रेघ सपाट, गाडी तरतरीत. धडधाकट कान असून गाडीला काही ऐकू येत नव्हतं.

"पळालास ना?" चढाच्या माथ्यावर गाडी थांबवून ती हसली. मग तिने नणंदेला फोन लावला.

"झोपलीये," नणंद हलक्या आवाजात म्हणाली. "गाढ. दोन्ही मुठी गालाखाली."

फोनमधून आवाज येत होता. एक. मग दोन.

"ताई, टकटक कोण करतंय?"

नणंदेने फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तुझ्याकडून येतंय."

तिने फोन सीटवर टाकला, गाडी वळवली आणि पाय खाली दाबला. भ्यायची पाळी आता त्याची होती. जे काही दिवाणापाशी वाट बघत बसलं होतं, त्याला आई काय असते ते अजून माहीत नव्हतं. पुलाखालून जाताना तिने रेघेकडे पाहिलंसुद्धा नाही.

ती पोहोचेपर्यंत तुम्ही एक करा. घरात कोणी लेकरू निजलेलं असेल, तर हे इथेच ठेवा आणि उठा. त्याचे हात कुठे आहेत, तेवढं बघून या.