गळती शून्य

अन्नमंत्र्याच्या डोक्याचे चार केस तपासले गेले आणि त्याची रवानगी तुरुंगात झाली. त्यानंतर परदेशी मदतीच्या पिठाला हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

ही किमया डॉ. शाल्मली नाबर यांच्या साक्षीकणांची. सिलिकॉनचं एक दुर्मिळ रूप त्या पिठात मिसळलेलं असे. अंगाला अपाय नाही, चवीत फरक नाही. पण पीठ खाणाऱ्याच्या केसांत, हाडांत ते कण उतरत आणि हातात मावणारं यंत्र ते वाचून दाखवी. मदत कोणाच्या पोटात गेली, हे आता माणसाचं अंगच सांगू लागलं. प्रत्येक गावाच्या पिठातले कण वेगळे; त्या गावाच्या यादीत नसलेल्या माणसात ते निघाले, तर ती 'गळती'. गळती झाली की गावाचं पीठ बंद. हा नियम दात्या देशांनी केला होता, आणि शाल्मलीने त्याला मान डोलावली होती.

माडागास्करच्या दक्षिणेतल्या बेरांतो गावात मात्र दुष्काळभर एकदाही गळती झाली नाही. इतकी स्वच्छ मदत कुठेच पोचली नव्हती. कारण समजून घ्यायला शाल्मली स्वतः तिथे गेली.

पीठवाटप बघणाऱ्या हांताने तिला अंगणात बसवलं. कानातलं दुभाषी यंत्र हांताचं बोलणं मराठीत सांगत होतं. घरात लापशी शिजत होती. वास येत होता, पण पाहुणीला कोणी विचारलं नाही. गल्लीतली सगळी दारं लावलेली होती.

"तुम्ही गळती थांबवलीत कशी?" शाल्मलीने विचारलं.

"जेवताना दार लावून घेतो."

"एवढंच?"

हांता सांगू लागली. "शेजारच्या गावाचं पीठ बंद झालं. तिकडून माझी बहीण आली, कडेवर मुलगी घेऊन. मी पाणी दिलं. पाण्यात कण नसतात ना?"

"नसतात."

"मग बरं झालं. खायला नाही दिलं. मुलीचं मुंडण करून तिला भरवलं असतं, पण तुमची माणसं म्हणाली, हाडातलं जात नाही."

"नाही जात," शाल्मली म्हणाली. "मग बहीण?"

"ओट्यावर बसून राहिली. आधी मुलगी गेली, मग ती. सगळं गाव आतून बघत होतं. मी दार उघडलं असतं तर तीनशे माणसं उपाशी राहिली असती, बाई. पहिल्यांदा फार जड गेलं." हांताने चुलीकडे पाहिलं. "आता मुलांना सांगावं लागत नाही. बाहेर कोणी रडलं तरी ती जेवतात."

शाल्मली परतली ती नियम मोडीत काढायच्या निर्धाराने. दात्यांच्या बैठकीत तिने काही हातचं न राखता सगळं सांगितलं: बहीण, मुलगी, लावलेली दारं. समोर लिहून घेणाऱ्यांनी पेनं खाली ठेवली. तिला वाटलं, पोचलं.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. ते भले गृहस्थ होते. त्यांचेही डोळे ओले होते.

"फार वाईट झालं, डॉक्टर," ते हळूच म्हणाले. "पण हे गावाने आपणहून केलं, पहारा न ठेवता?"

"हो."

"मग बाकीच्या गावांना हे शिकायला साधारण किती काळ लागेल?"