मामाचा आहेर राहिला

तुळशीचं लग्न लागलं की गेवराईत माणसांची लग्नं सुरू होतात, आणि रहीमचाचांच्या फोटो स्टुडिओत पाय ठेवायला जागा उरत नाही. अशाच एका गडबडीच्या सकाळी संस्कृती डबा घेऊन आत शिरली, तर तिच्या खुर्चीत एक अनोळखी मुलगा बसलेला. उंच, सावळा, मनगटाला लाल दोरा. तिनं आदल्या दिवशी जोडलेली लग्नाची फिल्म तो पडद्यावर पाहत होता... आणि कपाळाला ही मोठी आठी!

"खुर्ची माझी हाय," ती म्हणाली.

तो उठला, पण नजर पडद्यावरून हलली नाही. "हे मिक्सिंग तुमी केलं?"

"हो. कावून?"

"नवरीची आजी खांबाला टेकून बसलती. बारा सेकंद काढली मी तिला. तुमी तीनच ठेवली."

म्हणजे चाचा म्हणत होते तो आष्टीचा नवा कॅमेरामन हाच. अजिनाथ.

"बारा सेकंद आजी काय करत होती? नुसती बसलीच होती की!"

"तेच तर! अख्खा मांडव नाचतोय अन् म्हातारी एकटी. म्हणून लांबून काढली. जवळून काढली असती तर नुसता चेहरा दिसला असता. एकटेपण कुठून दिसलं असतं?"

संस्कृतीनं लगेच दुसरं भांडण काढलं. "अन् तुमी झूम कावून करत न्हाई? सगळे करतात."

"झूमनं माणूस मोठा दिसतो, जवळ येत न्हाई," तो म्हणाला. "जवळ जायचं तर पायानं जावं."

एवढं बोलून तो आपल्याच बुटांकडे पाहायला लागला. शॉटचं बोलणं संपलं की त्याच्याजवळचे शब्दही संपत.

तो गेल्यावर संस्कृतीनं कुणाला न सांगता आजीची नऊ सेकंदं परत जोडली. चार दिवसांनी नवरीच्या घरून फोन आला. फिल्म बघताना त्या जागी सगळं घर रडलं होतं.

पूर्वी लग्नाचा एकच फोटो असायचा. दोन खुर्च्या, मागं रंगवलेला पडदा, आणि काळ्या कापडात डोकं घातलेले रहीमचाचांचे वडील. 'हालू नका' म्हटलं की नवरा-नवरी श्वाससुद्धा धरून ठेवत. नवरीची मान खाली ती खालीच. पुढं पोरंबाळं विचारत, आई, तुझे डोळे कुठंत गं यात? त्या एका फोटोत काय मावायचं आणि काय नाही, हे त्या माणसाला नेमकं कळायचं. अजिनाथकडे दिवसाला कॅमेऱ्याची दोन-दोन मेमरी कार्डं भरतील एवढी जागा होती, तरी कळणं तसंच होतं. चाचा म्हणायचे, "बेटी, या पोराचा डोळा माझ्या अब्बासारखा हाय."

हळूहळू तो डोळा संस्कृतीलाही वाचता यायला लागला. नवरदेवाला तो चौकटीच्या एका कडेला उभा करायचा आणि पुढं मोकळी जागा सोडायचा.

"एवढी जागा वाया कावून घालवली?" तिनं एकदा विचारलं.

"वाया कुठं? तिथं नवरी येणार हाय... यायच्या आधी जागा नको का?"

हे बोलताना त्यानं बुटांवरची नजर वर उचलली. ती त्याच्याकडेच पाहत होती. मग दोघांनाही एकदम कामं आठवली.

पण अशा भेटी थोड्याच. तो सकाळी नऊला कार्ड चिठ्ठीत गुंडाळून चाचांकडे द्यायचा आणि पुढच्या लग्नाला निघायचा. ही अकराला यायची. चिठ्ठीवर गाव, तारीख, नवरा-नवरीची नावं. कार्ड लावलं की संस्कृतीचं पहिलं काम ठरलेलं... मूळ आवाज बंद! पाच-पाच तास बँड, डीजे आणि 'मामांनी नवरीला घेऊन लवकर यावं' कोण ऐकणार? वरून गाणी टाकायची. मंगलाष्टकंसुद्धा तयार रेकॉर्डमधली. गेवराईत सगळे असंच करत.

आष्टीत तसं नव्हतं. अजिनाथ जिथं शिकला, तिथं चिठ्ठीबिठ्ठी नसे. कॅमेरामननं चालू कॅमेऱ्यात बोलून ठेवायचं आणि मिक्सिंगवाल्यानं ते ऐकायचं. ही दोन गावांची दोन वळणं. त्यानं तिला सांगितलं नाही, कारण सांगायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. आणि तिनं विचारलं नाही, कारण विचारायचं काय?

होळी झाली आणि अजिनाथ एकाएकी बदलला. कार्ड ठेवायचा नि निघून जायचा. एकदा दारात समोरासमोर आले, तर त्यानं नुसती मान हलवली, जशी बँकेतल्या शिपायाला हलवावी. संस्कृती दिवसभर विचार करत राहिली. आपलं काय चुकलं? आजीला तर बारा सेकंद दिली की!

मग एप्रिलमधल्या एका सकाळी चाचा म्हणाले, "अजिनाथ पुण्याला चालला गं. टीव्ही मालिकेच्या युनिटात लागतोय. आजचं बीड रोडचं लग्न शेवटचं. तिथूनच संध्याकाळची गाडी."

"बरं झालं," संस्कृती म्हणाली, आणि पडद्याकडे तोंड फिरवलं. पडदा अजून चालू केलेला नव्हता.

तेवढ्यात तलवाड्याच्या विजयमालाकाकू आल्या. माघात त्यांच्या लेकीचं लग्न झालं होतं, आणि पुढच्याच महिन्यात काकूंचे मालक अचानक गेले. काकूंनी पदराच्या गाठीतून पेनड्राइव्ह सोडला.

"पोरी, ह्यात ते दिसत्यात, पण बोलत न्हाईत. नुसती गाणी हायती. तेंचा आवाज कुठं असंल का गं?"

संस्कृतीनं काकूंना शेजारी बसवलं. मूळ शूटिंग संगणकात होतं. पाठवणीचा भाग काढून तिनं या स्टुडिओत कधीच केलं नव्हतं ते केलं... मूळ आवाज उघडला.

बँड, रडारड, गाडीचा हॉर्न. आणि मग एक जाडाभरडा आवाज: "आरं, पुढं बसवा तिला! गाडीत मळमळतंय तिला, म्हाईत न्हाई का? संगं लिंबू दिलंय, हाय ना गं बाई पिशवीत?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. रडत रडत हसल्या. "हे तेच! लेकीला लिंबू देणारं माणूस! पुन्यांदा लाव."

पाच वेळा लावलं. सहाव्या वेळी थांबवायला संस्कृतीला उशीर झाला. गाडी निघून गेली. मोकळ्या रस्त्यावर धूळ, त्यात पाठमोरा उभा बाप... आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक हलका आवाज:

"ओ मिक्सिंगवाल्या... हा शॉट कापू नका. बापाची पाठच बोलतीय. तुमाला कळंल, म्हणून सांगतोय. तुमालाच कळतं."

संस्कृतीचा हात माऊसवरच राहिला.

"कोण गं हे?"

"कॅमेरामन हाय, काकू."

"तुझ्याशीच बोलतंय की!" काकूंनी डोळे पुसले. "मग ऐक ना. माझं ऐकून झालं."

तिनं एकेक कार्ड उघडलं. प्रत्येकात तो होता. मार्गशीर्षात: "तुमाला ताई म्हणावं तर जीभ वळंना, म्याडम म्हणावं तर लांब वाटतं. म्हणून मिक्सिंगवाल्या. राग न्हाई ना?" मार्गशीर्षातच पुढं: "आज पंगतीत बासुंदी होती. तुमच्याशिवाय ग्वाड लागली न्हाई, असं म्हणणार होतो, पण खोटं कावून बोलू? तीन वाट्या खाल्ल्या." माघात: "काल तुमी दारात हसलात. म्हंजे परवाचं ऐकलं ना?"

ती हसली होती, ते चाचांनी चष्मा कपाळावर ठेवून स्टुडिओभर शोधला म्हणून!

आणि होळीच्या आधीचं कार्ड. मोकळा मांडव, उलट्या रचलेल्या खुर्च्या, आणि तोच आवाज, पण अडखळणारा: "लग्नं लई काढली... आता आपलं कुणी काढावं असं वाटतंय. तुमच्यासंगं. सोमवारी मी नऊ ऐवजी अकराला येतो. हो असंल तर एवढंच म्हणा, बसा, चहा घ्या. न्हाई असंल तर काईच बोलू नका. मी समजून घेईन."

त्या सोमवारी तो अकराला आला होता खरा. कानात हेडफोन घालून ती गाणी निवडत होती. नुसतं बोट दाखवून म्हणाली होती, "कार्ड तिथं ठेवा."

"काकू," ती एवढंसं बोलली, "मी लई मोठी चूक केली."

"मेलेल्या माणसाचा आवाज सापडला गं," काकू म्हणाल्या. "हे तर जितं हाय. पळ!"

काळीपिवळी जीपमध्ये तेराव्या सीटवर अर्धी बसून ती बीड रोडच्या मंगल कार्यालयात पोचली, तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि आहेर चालला होता. माईकवर नावं पुकारली जात होती. टॉवेल, टोपी, साडी, फोटो. टॉवेल, टोपी, साडी, फोटो. लग्नाच्या फिल्ममध्ये काहीही राहिलेलं चालतं, पण आहेर राहिलेला चालत नाही!

मधल्या वाटेच्या टोकाला, स्टेजसमोर तो कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होता. ती कमानीत थांबली. धावत आल्यामुळं श्वास लागलेला, ओढणी एका खांद्यावरून घसरलेली. त्याला काय जाणवलं कोण जाणे, त्यानं मान वळवली... आणि मानेपाठोपाठ कॅमेराही वळला.

काचेतून आपण आत्ता एवढ्याशा दिसत असणार, तिला वाटलं. मोठ्या मांडवात एकटी.

त्यानं झूम केलं नाही. तीच चालायला लागली. पंगतीतून उठलेली माणसं, रडणारी लेकरं, अक्षतांचा खच... चौकटीत आता कमरेपर्यंतच दिसत असेन, आता खांद्यापर्यंत. आता चौकटीत दुसरं काही मावत नसेल.

लाल दिवा लागलेला होता. तिनं अजिनाथकडे पाहिलंच नाही. कॅमेऱ्याच्या माईकजवळ तोंड नेलं.

"ओ कॅमेरावाल्या," ती म्हणाली. "कार्डातलं मी कधी ऐकतच नव्हते. आमच्यात आवाज बंद करत्यात. आज ऐकलं. सगळं."

अजिनाथनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला.

"बसा," ती म्हणाली. "चहा घ्या."

तो खरंच बसला. तिथंच, स्टेजच्या पायरीवर. दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि एवढा मोठा सुस्कारा टाकला, की माईकवाल्यानं वळून पाहिलं.

"दीड महिना झाला," तो म्हणाला. "दीड महिना मला अन्न ग्वाड लागंना."

"बासुंदी?"

"बासुंदीबी!"

"अन् पुणं?"

"पुण्यात सासूच्या तोंडावर तीन-तीनदा झूम मारायचं काम होतं," अजिनाथ म्हणाला. "सुटलो बाबा!"

आठ दिवसांनी स्टुडिओत एक फेटा संतापानं थरथरत शिरला. फेट्याखाली नवरीचे धोंडीराममामा.

"माझा आहेर कुठंय? भाचीला तोळ्याची बोरमाळ घातली मी! अन् फिल्ममधी काय? ही पोरगी चालत येतीय! कोण ही? आमच्या भावकीत तर दिसत न्हाई!"

रहीमचाचांनी दोघांकडे पाहिलं. दोघांनी बुटांकडे.

दुसऱ्या दिवशी ते दोघं मामाच्या गावी गेले. भाची बोलावली, बोरमाळ मागवली, आहेर पुन्हा झाला. मामांनी तोच फेटा बांधून दोनदा हसून दाखवलं. संस्कृतीनं मूळ आवाजही नीट चालू आहे का ते पाहिलं.

"बरं," मामा शेवटी म्हणाले, "हिच्यापायी गेलता ना माझा आहेर? मग तुमच्या लग्नात पहिला आहेर माझाच. अन् तो काढायचा!"

"काढायला कोण ऱ्हाईल, मामा?" अजिनाथ हसला. "मी तर स्टेजवर असणार."

"ते मला म्हाईत न्हाई," मामा म्हणाले. "पण कापायचा न्हाई."

"न्हाई कापणार," संस्कृती म्हणाली. कॅमेरा अजून चालूच होता.