बाराच्या उन्हातला रोवणा

खोटं वाटलं तर वाटू द्या. दिव्याला कोणाला काही पटवायचं नाही. पण हे घडलंय. गेल्या फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी, नवेगाव बांधच्या पलीकडे, भर दुपारी.

तिथे एका मालगुजाराची तीनशे एकर धानशेती होती. नातवाने वीस वर्षांपूर्वी नांगर थांबवला आणि जमीन रानाला देऊन टाकली. आता तिथे चितळ दिसतात, सारस दिसतात. लोक दुर्बिणी घेऊन येतात.

दिव्याचा नवरा दुर्गेश त्यांतलाच. गोंदियाजवळच्या फुलचूरचा. गळ्यात हातभर लेन्स आणि तोंडात त्याहून लांब जीभ. 'माणूस तसा वाईट नव्हता' असं म्हणायची रीत आहे. दिव्या ते म्हणत नाही.

"तीन तास झाले," तो वाटाड्या बाईवर खेकसला. "गवत दाखवायला आणलंस का?"

रुख्माबाई साठीची. तरुणपणी याच बांध्यांमधून, भाताच्या खाचरांतून, धान रोवलेली.

"जनावर तुमच्या मर्जीनं थोडीच येते, साहेब."

दिव्याला हसू आलं. दुर्गेशने ते पाहिलं.

तेवढ्यात पलीकडून सारस ओरडला. दुर्गेश उठला.

"त्या बांधीत नोका जाऊ," रुख्माबाई म्हणाली. "बारा वाजून राहिले."

"काऊन?" त्याने तिची नक्कल केली.

"या टायमाले तिथं रोवनेवाल्या राहतेत. उभा, रिकामा मानूस त्याईले चालत नाय."

"सब बकवास! तुम्हा अडाण्यांची भुतंसुद्धा मजूरच."

आणि तो बांधीच्या कडेचा धुरा ओलांडून गेला.

जाऊ दे, दिव्याला वाटलं. एखादा काटा तरी रुतेल.

मग...

सारस गप्प झाला.

होले गप्प झाले. झाडावरची वानरंसुद्धा.

आणि त्या शांततेत आवाज आला. चुबुक... चुबुक... चुबुक...

चिखलातून पाय ओढल्यासारखा.

जमिनीला तर बोटभर भेगा होत्या.

दिव्या धुऱ्यावर धावली. समोर गुडघाभर वाळलेलं गवत. त्यात माणूस लपायला जागाच नव्हती.

दुर्गेश नव्हता.

"अहो!"

उत्तरादाखल कोणीतरी हसलं. एक बाई. मग दुसरी. मग ओळीने सगळ्या... खूप खालून, वाकून काम करताना हसावं तसं.

ते हसू ओळखीचं होतं. दुर्गेश तिच्या माहेरच्या माणसांना हसायचा, तसंच. तुच्छतेनं.

दिव्याने पाय उचलला, पण रुख्माबाईने दंड धरला.

"सावली लांब होऊ दे. आता गेली त तुले बी रोवाले लावतीन."

दिव्या थांबली. तीन तास. हाका मारत राहिली, पण आत गेली नाही. ते आजही तिला टोचतं.

तीनच्या सुमारास पाखरं पुन्हा बोलायला लागली.

दुर्गेश समोरच होता. त्याच बांधीत.

कमरेत वाकलेला. कोपरापर्यंत ओला चिखल. बोटं दिवसभर पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली. तो गवताचे जुडगे उपटत होता आणि भेगाळ मातीत रोवत होता. ओळीत.

रुख्माबाईने त्याला खेचलं.

"थांब ना," तो रडवेला होऊन म्हणाला. "एवढी ओळ होऊ दे. नाहीतर त्या परत हसतील."

दिव्याने बांधीभर नजर टाकली. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत ओळीच ओळी. एकट्या माणसाच्या हातून तीन तासांत होणारं काम नव्हतं ते.

रुख्माबाईने पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"या वाकड्या हायेत ना, या तुह्या नवऱ्याच्या. सरळ हायेत त्याईकडं पाहू नोको. चाल."

डॉक्टर ऊन लागलं म्हणाले. दुर्गेश चार दिवसांत हिंडू-फिरू लागला. फक्त बोलेना.

महिन्याने एका सकाळी, चहा देताना, दिव्याने विचारलंच. "कोण होत्या हो त्या?"

"चेहरे कुठे दिसले? सगळ्या वाकलेल्या. एकीनेच मान वर केली. मला पाहून हसली."

"कोण होती?"

दुर्गेशने महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं.

मग हळूच आपली खुर्ची मागे सरकवली.

तेव्हापासून तो तिच्यासमोर बसत नाही.