हसले सगळे, आवडलं कुणालाच नाही

शनिवारी सकाळी भालदाराने स्वतःच्या दुरुस्तीची तक्रार स्वतःच नोंदवली.

भालदार हा अंबाजोगाईच्या नक्षत्र चित्रमंदिराचा यंत्रमानव. दारात उभं राहायचं, तिकिटं बघायची, म्हाताऱ्यांना हात धरून खुर्चीपर्यंत न्यायचं आणि लहान पोरांच्या सांडलेल्या लाह्या गोळा करायच्या, ही त्याची कामं. त्याच्या छातीवर एरवी हिरवा दिवा असायचा. आज तो पिवळा होता.

केतकी लोमटे आदल्या दिवशी विसरलेली पाण्याची बाटली न्यायला आली होती. नववीतली मुलगी, पण गावातल्या निम्म्या लोकांपेक्षा तिने सिनेमे जास्त पाहिले होते.

"भालदार, काय झालं तुला?" तिने विचारलं.

"केतकीताई, बहुतेक माझे कान बिघडले आहेत," भालदार म्हणाला. "काल दुपारच्या खेळाला खुर्च्यांनी मला कळवलं, की लोक पोट धरून हसले. शेवटी शेवटी तर इतके स्तब्ध झाले, की कुणी कूससुद्धा बदलली नाही. मग तेच लोक बाहेर आले आणि म्हणाले, सिनेमा कंटाळवाणा आहे. माणसांना स्वतःच्या मनातलं नक्कीच ठाऊक असणार. म्हणजे चूक माझीच."

केतकीने बाटली उचलली, पण ती निघाली नाही.

नक्षत्रच्या खुर्च्यांच्या पाठीत संवेदक (आवाज आणि हालचाल टिपणारे बारीक भाग) बसवलेले होते. कोण हसलं ते त्यांना कळत नसे. किती हसू आलं एवढंच कळे. त्यावरून भालदार आतला आवाज आणि गारवा कमीजास्त करायचा. बाहेरच्या दालनात होती मतभिंत. सिनेमा पाहून आलेला माणूस तिच्यासमोर दोन वाक्यं बोले आणि एक ते पाच तारे देई. त्याचे शब्द लगेच मोठ्या अक्षरांत भिंतीवर उमटत, गावभरच्या फोनवरही जात.

या भिंतीवर केतकीचं राज्य होतं. 'वादळमानव २' बद्दल ती म्हणाली होती, "मारामारी झकास, गोष्ट नापास. नायकाचे केस वादळातही हलत नाहीत." 'भुताची शाळा' पाहून म्हणाली, "भूत सोडून बाकी सगळ्यांची भीती वाटली, विशेषतः गाणाऱ्यांची." 'मंगळावर मामा' तिला मनापासून आवडला होता, तरी ती म्हणाली, "मामा छान, मंगळ पुठ्ठ्याचा." तिची वाक्यं शाळेत तोंडोतोंडी फिरत. सिनेमा संपला की मुलं वळून आधी केतकीकडे बघत.

शुक्रवारी लागलेला सिनेमा होता 'बँडवाल्यांची दुपार'. तो नजमा शेख यांनी केला होता. त्या इथल्याच. लग्नांची छायाचित्रं काढता काढता पैसे साठवून त्यांनी हा पहिला सिनेमा काढला. एका गावात बँडवाले वरातीसाठी येतात आणि लग्नच मोडतं. आता परतीची गाडी येईपर्यंत दुपारभर करायचं काय, एवढीच गोष्ट. सुरुवात रेंगाळते, हे खरं होतं. बँडवाले टोप्या घालतात, काढतात, परत घालतात. पण नंतर मांडवात शेळी घुसते तेव्हा केतकी हसून हसून वाकली होती. आणि शेवटी म्हातारा क्लॅरिनेटवाला गच्चीवर एकट्याच बसलेल्या नवरीसाठी वाजवतो, तेव्हा तिने हळूच डोळे पुसले होते.

मग दिवे लागले. केतकीला भूक लागली होती. ती सगळ्यांत आधी बाहेर आली आणि मतभिंतीसमोर तिच्या तोंडून निघून गेलं, "पहिला अर्धा तास झोपेचा, बाकीचा जांभईचा. दोन तारे."

मागे हशा पिकला. तिच्या मागे तिची मैत्रीण आफरीन होती. आफरीनचे डोळे लाल झाले होते. तिने भिंतीकडे पाहिलं, केतकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, जरा लांबलाच. दोन." तिसरा म्हणाला, "दोन." मग रांगच लागली. कुणी एक दिला, कुणी दोन. संध्याकाळचा खेळ जवळजवळ रिकामा गेला. भिंतीजवळच्या बाकावर नजमाताई बसल्या होत्या. केतकीने त्यांना पाहिलं ते सायकलवर बसल्यावर.

"आज संध्याकाळी शेवटचा खेळ," भालदार म्हणाला. "उद्यापासून 'वादळमानव ३' लागणार. मालकांनी सांगितलंय."

केतकी घरी गेली नाही. ती थेट आत्याकडे गेली.

वसुधाआत्या गर्दीचं गणित शिकवायची. पक्ष्यांचा थवा एकदम कसा वळतो, मुंग्या रस्ता कसा ठरवतात, माणसं एकाच दुकानापुढे का रांग लावतात, असे तिचे विषय. केतकीने तिला सगळं सांगितलं, डोळे पुसल्याचंही.

"भालदार बिघडलेला नाही," केतकी म्हणाली. "मग खोटं कोण बोललं? मी थोडं बोलले. पण आफरीन तर कधी खोटं बोलत नाही."

आत्याने कपाटातून मण्यांचा डबा आणि कापडी पिशवी काढली, पिशवीत मणी भरले आणि गल्लीत खेळणाऱ्या सात-आठ मुलांना ओसरीवर बोलावलं.

"माझ्याकडे दोन प्रकारच्या पिशव्या असतात," ती मुलांना म्हणाली. "एकीत काळे मणी पांढऱ्यांच्या दुप्पट. दुसरीत पांढरे मणी काळ्यांच्या दुप्पट. यातली एक पिशवी माझ्या हातात आहे. एकेकाने यायचं, न बघता एक मणी काढायचा, एकट्यानेच बघायचा आणि परत टाकायचा. मग मोठ्याने सांगायचं, पिशवी काळ्यांची की पांढऱ्यांची."

पहिली मुलगी म्हणाली, "पांढऱ्यांची." दुसराही म्हणाला, "पांढऱ्यांची." तिसरा केतकीचा शेजारी रुद्राक्ष. त्याने मणी पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "पांढऱ्यांची." पुढची सगळी मुलं तेच म्हणाली.

आत्याने पिशवी पालथी केली. पसाभर काळे मणी घरंगळले, पांढरे त्यांच्या निम्मे.

"रुद्राक्ष, तुझ्या हातात कोणता मणी आला होता?"

"काळा," तो ओशाळून म्हणाला.

"मग पांढऱ्यांची का म्हणालास?"

"आधीच्या दोघांना पांढरे मिळाले असणार ना. दोन पांढरे आणि माझा एक काळा. मी विचार करूनच बोललो."

"अगदी बरोबर विचार केलास," आत्या म्हणाली, तशी त्याची मान वर झाली. "पहिल्या दोघांना योगायोगाने पांढरे मिळाले. तेही खरंच बोलले. तूही हिशेब करूनच बोललास. पण मग चौथ्याचं काय झालं? त्याला वाटलं, तीन जणांनी पांढरे पाहिले. पाचव्याला वाटलं, चौघांनी. खरं तर तुझ्यापासून पुढे कुणाचाच मणी उत्तरात उतरला नाही. बोलले सगळे, पण माहिती फक्त दोघांची."

केतकी सावरून बसली.

"याला माहिती-प्रपात म्हणतात," आत्या सांगू लागली (एकाचं ऐकून दुसरा, त्या दोघांचं ऐकून तिसरा, असा खाली कोसळत जाणारा मतांचा धबधबा). "यात कुणी मूर्ख नसतं, कुणी लबाडही नसतं. दुसऱ्याकडून शिकणं शहाणपणाचंच आहे. बाजारात नवखा माणूस गर्दीचं दुकान निवडतो, ते चुकीचं नाही. फक्त त्याने एवढं विचारावं, की या गर्दीतल्या किती जणांनी खरंच माल पारखला?"

"आणि आमच्या भिंतीवर तर पहिला मणीच मी नीट दाखवला नाही," केतकी हळूच म्हणाली.

"तुला सुरुवात कंटाळवाणी वाटली, ते खरं होतं ना? मग तो अर्धा मणी दाखवलास. उरलेला अर्धा विनोदाखाली झाकला गेला." आत्याने आत जाऊन, कुणाला न दाखवता, पुन्हा एक पिशवी भरून आणली. "आता दुसऱ्या पद्धतीने करू. मणी बघा आणि उत्तर फक्त माझ्या कानात सांगा."

या वेळी उत्तरं वेगवेगळी आली. आत्याने ती एकत्र मोजली, तर काळ्यांच्या बाजूने जास्त निघाली. पिशवी उघडली, तर ती खरोखर काळ्यांचीच होती.

"म्हणजे आधी सगळ्यांनी आपापलं सांगायचं," रुद्राक्ष म्हणाला, "आणि मग एकमेकांचं ऐकायचं."

"दर वेळी बरोबरच येईल असं नाही," आत्या म्हणाली. "पण अशा वेळी सगळ्यांचे मणी हिशेबात येतात. आणि प्रपाताची एक चांगली गोष्ट ऐका. तो वरवर जोरदार दिसतो, पण मुळात दोघांच्याच माहितीवर उभा असतो. नवी, खरी माहिती आली की तो वळू शकतो."

केतकी तडक नक्षत्रमध्ये गेली. मालक लहाने काका 'वादळमानव'चं पोस्टर लावून घेत होते. तिने त्यांना मण्यांची गोष्ट सांगितली आणि संध्याकाळच्या खेळाला मतभिंत बंद ठेवायची विनंती केली.

"अगं, पण बघायला येणार कोण?" काका म्हणाले.

"ते मी बघते. तुम्ही फक्त भिंत झाका."

मग तिने फोनवरून सगळ्यांना स्वतःच्या आवाजात निरोप पाठवला. या वेळी तिला चटपटीत काही सुचत नव्हतं. "काल मी अर्धंच बोलले. सुरुवात मला रटाळ वाटली, ती अजूनही वाटते. पण शेळीच्या प्रसंगाला मी खूप हसले आणि शेवटी रडायला आलं. दोन तारे द्यायला नको होते. माझंही ऐकू नका. येऊन बघा आणि आपलं आपण ठरवा."

शाळेत आता चिडवतील, हे तिला माहीत होतं. दोघांनी तर लगेच उलट निरोप पाठवून चिडवलंही. पण संध्याकाळी अर्धं चित्रमंदिर भरलं. बरेच जण कालचेच होते.

खेळ संपल्यावर भालदार दारात उभा राहिला. एकेक माणूस त्याच्यापाशी थांबून हळू आवाजात आपलं मत सांगत होता. शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर भालदाराने मतभिंतीवरचा पडदा सरकवला आणि सगळी मतं एकदम भिंतीवर उमटली.

पाच तारे होते, चार होते, दोनही होते. एका आजोबांनी एकच तारा दिला होता, कारण त्यांच्या मते बँडवाले इतके रिकामे बसत नाहीत. निम्म्या लोकांना सुरुवात लांबलेली वाटली होती. पण शेळी आणि क्लॅरिनेट यांच्याबद्दल जवळजवळ प्रत्येकाने काहीतरी म्हटलं होतं.

"खुर्च्यांनी सांगितलं होतं, ते यात आहे," भालदार म्हणाला. "मी तक्रार मागे घेतो." त्याच्या छातीवरचा दिवा हिरवा झाला.

केतकी नजमाताईंजवळ गेली. काय म्हणायचं ते तिने ठरवलं होतं, पण ऐन वेळी एवढंच जमलं, "काल मी नीट बोलले नाही. चुकलं माझं."

नजमाताई भिंतीवरचं शेवटचं मत वाचून होईपर्यंत थांबल्या. "काल वाईट वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "पण एक सांगू? सिनेमा तयार झाला तेव्हा मी तो पंधरा ओळखीच्यांना दाखवला. पहिल्याने छान म्हटलं आणि मग सगळ्यांनीच छान म्हटलं. सुरुवात लांबली आहे, हे मला आज कळतंय. लहाने काकांनी तुझ्या मण्यांचं सांगितलं, ते माझ्याकडेही वापरायला हवे होते."

लहाने काकांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, की दुपारी 'वादळमानव' आणि संध्याकाळी आठवडाभर 'बँडवाले'. मतभिंतही यापुढे प्रत्येक खेळानंतर अशीच उघडायची. खेळाला आलेली आत्या मुलांना म्हणाली, "हीच पद्धत उद्या एखाद्या ग्रामसभेत वापरता येईल, वर्गाचा प्रमुख निवडतानाही. जिथे पुष्कळ लोकांनी मिळून काही ठरवायचं आहे, तिथे प्रत्येकाचा मणी मोजला गेला पाहिजे. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा अशा भिंती गावोगाव असतील."

आफरीन आणि केतकी सायकली हातात धरून चालत निघाल्या.

"शेळीचा प्रसंग भारी होता," केतकी म्हणाली.

आफरीन थोडी घुटमळली. "मला नाही आवडला. उगाच घातल्यासारखा वाटला."

इतक्या वर्षांत आफरीनने तिचं म्हणणं कधी खोडलं नव्हतं. केतकीला क्षणभर टोचलं. जिभेवर एक खुसखुशीत वाक्यही आलं, पण ते तिने गिळलं.

"का गं?" तिने विचारलं, आणि उत्तर ऐकायला सायकल थांबवली.